काय गो ते?

वडखळच्या नाक्यावर गाडी अडकलेली असताना सुरभी आईला एक वाक्य बोलली. मागच्या सीटवर पाय दुमडून बसली होती. एका कानातलं इअरफोनचं बोंडूक काढलं, मोबाईलमधून मान वर न करता बोलली आणि बोंडूक परत कानात घालून मोकळी झाली. आपण काही विशेष बोललो असं तिला वाटलंही नसेल. पुढे नमिता नवऱ्याचं जाकीट मांडीवर सांभाळत बसली होती. गाडी चालवताना जाकीट घातलं की पाठीला सुरकुत्या पडतात आणि त्या फोटोत दिसतात, हे तिनंच मागे कधीतरी हरेशला सांगितलं होतं. तेव्हापासून सत्कार महाडला असो की आजच्यासारखा रोह्याला, जाकीट तिच्या मांडीवर. विषय सुरभीच्या ॲडमिशनचा चालला होता. पनवेलच्या कॉलेजात बी.एम.एस.ला नाव लागलं होतं आणि आज संध्याकाळपर्यंत सीट पक्की केली नाही तर ती यादीतल्या पुढच्या पोरीला जाणार होती. नमिता आठवडाभर मागे लागून थकली होती. सुरभीचं एकच पालुपद, मला नाय जायचं, आपल्या गणपतीच्या कारखान्याचं पेज चालवते तेच करीन. शेवटी नमिता नवऱ्यावर घसरली. "हे तुमच्या भाषणांचं फळ. जगाला सांगत फिरता, डिग्रीनं काय होतं, डिग्रीनं काय होतं. आता घरच्या पोरीला सांगा काय सांगायचं ते." हरेश आरशात बघून नुसता हसला. आणि तेव्हा मागून आलं, "पप्पांच्या भाषणामुळं नाय गं आई. तुला बघून."

तुला बघून. म्हणजे नेमकं काय बघून? मागे वळून विचारावं तर पोरगी पुन्हा गाण्यात बुडालेली. हरेशनं ऐकलं की नाही कोण जाणे. तो रविवारच्या अलिबागवाल्यांना शिव्या घालत, दोन ट्रकांच्या मधून गाडी काढायच्या खटपटीत होता. उजव्या हाताला धरमतरचा रस्ता फुटत होता. त्या रस्त्यानं थोडं गेलं की खाडी, आणि खाडीच्या अंगाला नमिताचं माहेर. तिचा बाप गुणाजी जन्मभर मिठागरात राबला. टाचांना भेगा, भेगांत खारं पाणी, रात्री आई बायजा त्यात मेण वितळवून भरायची, आणि तोंडातून हूं की चूं न करता तो म्हणायचा, नमी कालेजात जाणार. गावातून पेणला पहिल्या एस.टी.नं जाणारी ती एकटीच मुलगी. बी.कॉम. झाली तेव्हा बापानं तिला स्टुडिओत नेऊन काळ्या झग्यातला फोटो काढवला. झग्याच्या बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या, टोपीला मागून पिना लावल्या होत्या, आणि फोटो होताच फोटोग्राफरनं टोपी उचलून बाहेर रांगेत बसलेल्या पोरीच्या डोक्यावर ठेवली होती. तो फोटो घरात देवांच्या रांगेत लागला. दसऱ्याला बायजा देवांच्या तसबिरींना हळदकुंकू लावायची तेव्हा एक बोट त्याही काचेला लावायची. देवांबरोबर डिग्रीचीही पूजा. अजूनही त्या काचेवर, बरोबर नमिताच्या कपाळाच्या जागी, कुंकवाचा डाग आहे. हेच बघून म्हणाली की काय ही? पण तो फोटो सुरभीनं धड पाहिलेलाही नव्हता.

गाडी सुटली. महामार्गाचं काम होतं तिथंच होतं. जाकीट उडू नये म्हणून नमितानं ते पोटाशी धरलं आणि तिला स्वतःचाच राग आला. काय बघितलं हिनं? सकाळी उठल्यापासून रात्री आडवं होईपर्यंत आई कामात असते हे बघितलं असेल. कारखान्यात हे दिवस म्हणजे नुसती घाई. वरच्या माळ्यावर पांढऱ्या मूर्ती, खाली रंगवलेल्या, अंगणात खोकी, आणि या सगळ्यातून वाट काढत हरेशची हाक. काय गो ते? काय गो ते, बँकेचा तो कोड? काय गो ते, जीएसटीवाल्यांनी काय मागितलंय? काय गो, अमेरिकेवाल्या बाईला इंग्लिशमधनं काय कळवायचं? त्याच्या तोंडात वाक्य अर्धं यायचं आणि उरलेलं अर्धं नमिता पुरवायची. इतकी वर्षं ती हे करत होती की आता हरेशनं अडखळायच्या आधीच शब्द तिच्या जिभेवर येऊन बसायचा. शिवाय ओटीपी. कारखान्याचं बँकखातं, सरकारी पोर्टल, कुरियर, विमा, सासूबाईंचा गॅस सिलिंडर, दिराच्या पोराची रेल्वेची तिकिटं, सगळ्याला नंबर नमिताचा. का, तर तिचा फोन जवळ असतो आणि तिला वाचता येतं. दिवसभर फोन टुणटुणायचा आणि ती पोळी लाटता लाटता, डोकं धुता धुता आकडे मोठ्यानं वाचून दाखवायची. प्रत्येक मेसेजच्या शेवटी लिहिलेलं असायचं की हा क्रमांक कोणालाही सांगू नये. ते वाचून तिला पूर्वी हसू यायचं. हल्ली येत नसे.

आणि असंही नव्हतं की हरेश लबाड होता. लबाड असता तर सगळं सोपं झालं असतं, एकदा कडाकडा भांडून विषय संपवता आला असता. तिनं त्याला पसंत केलं ते डोळे उघडे ठेवून. स्थळ आलं तेव्हा गुणाजीनं पहिला प्रश्न तोच विचारला होता, मुलगा काय शिकलाय? हरेशच्या बापानं सांगितलं, बारावी, मंग कारखाना. गुणाजीचं तोंड कडू झालं. पोरगी पदवीधर, आणि जावई बारावी? पण त्याच्या आधीच मैत्रिणीबरोबर मूर्ती बघायला म्हणून ती त्या कारखान्यात गेली होती आणि तिनं हरेशला आखणी करताना पाहिलं होतं. आखणी म्हणजे गणपतीचे डोळे काढणं, सगळ्यात शेवटचं काम. तो मूर्तीच्या समोर पाटावर बसला होता, आपले डोळे तिच्या डोळ्यांच्या उंचीवर आणून. श्वास रोखला, चारदोन केसांचा कुंचला टेकवला, एक रेघ, दुसरी रेघ, मग बुबुळ, आणि इतका वेळ जी नुसती माती होती ती एकदम नमिताकडे बघायला लागली. तिच्या अंगावर काटा आला होता. ती घरी येऊन बापाला म्हणाली, मला चालेल. आजही हरेश आखणीला बसला की ती हातातलं काम टाकून दाराशी उभी राहते. त्या माणसावर तिचं प्रेम होतं, अजून आहे, आणि हीच खरी पंचाईत.

तेव्हा ती रोह्याला नोकरी करत होती. धाटावला एका कंपनीत, अकाउंट्समध्ये. पेणहून रोह्याला गाडीनं जायचं, तिथून कंपनीची बस. खिडकीजवळ तिचं टेबल होतं. टेबलाला ड्रॉवर, ड्रॉवरला किल्ली, आणि ती किल्ली तिच्या पर्समध्ये. खात्याचे साहेबसुद्धा विचारायचे, मॅडम, तुमच्या ड्रॉवरमधली फाईल देता का? लग्नानंतरही ती जात होती. मग परदेशातली पहिली ऑर्डर आली. कारखान्यात कुणाला काही सुधरेना. सासरे म्हणाले, नमिता, जरा आठ दिवस बघ गो, तुला त्यातलं समजतं. तिनं रजा टाकली. ते आठ दिवस अजून संपलेले नव्हते. पहिला कंटेनर बंदरावर अडकला, कारण लाकडी खोक्यांना फ्युमिगेशनची धुरी देऊन शिक्का मारावा लागतो, हे पेणमध्ये त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. दिवसभर ऑफिसांच्या पायऱ्या झिजवून तो तिनं सोडवला. घरी आली तेव्हा सगळ्यांनी हरेशला खांद्यावर घेतलं होतं. तीही टाळ्या वाजवत होती. खोटं कशाला बोला, तेव्हा तिला मनापासून आनंद झाला होता. ड्रॉवरची किल्ली तिनं पुढच्या महिन्यात कंपनीत नेऊन दिली.

नागोठणं मागे पडलं. हरेश म्हणाला, "आज जरा नवीन काय तरी बोलू का? जगनभाऊ बोलला, हॉल फुल्ल हाय." नमिता म्हणाली, "बोला की." तो म्हणाला, "नाय पन ते वाळवीचं ठेवतो. त्याला टाळ्या पडतात." नमितानं खिडकीबाहेर बघितलं. वाळवीचं! तेच तर तिच्या डोक्यात जात होतं. पहिल्यांदा सत्कार झाला तेव्हा हरेशला काय बोलावं ते सुचेना. कोंबडीची पिसं उपटावीत तसे कुंचल्याचे केस उपटत बसला होता बिचारा. म्हणाला, चार ओळी लिहून दे गो. तिनं भाजी फोडणीला टाकता टाकता लिहून दिल्या. भाषण रंगतदार व्हावं, लोकांनी हसावं, नवऱ्याचा मान राहावा, एवढंच तिच्या मनात होतं. डिग्री म्हणजे कागद, कागदाला वाळवी लागते, हाताला लागत नाही. बसल्या बैठकीला सुचलं होतं. त्या वाक्याला जिल्हाभर टाळ्या मिळाल्या. डिग्री फुकट असते, हे इतक्या झोकात सांगायला बी.कॉम. लागली होती, आणि हे सभागृहात एकट्या नमिताला ठाऊक होतं.

हॉल रोह्याजवळच्या अष्टमी गावात होता. दारातच मोठा फ्लेक्स. दहावी-बारावी-पदवीधर गुणवंतांचे छोटे छोटे चेहरे, कडेनं ओळीनं, प्रत्येकाच्या नावापुढं काय झाला ते लिहिलेलं, आणि मधोमध गॉगल लावलेला हरेश, खाली लाल अक्षरांत "पदवी नाही, पण पत आहे!" म्हणजे ज्या पोरांनी पदवी मिळवली त्यांना नारळ द्यायला आणलेला पाहुणा हा! ही विसंगती मंडळातल्या एकाच्याही डोक्यात आली नव्हती. मंडळाचे अध्यक्ष जगनभाऊ हात पसरून पुढे आले. "या शेठ, या! वयनी, तुमी पुढच्या रांगेत बसा. सपत्नीक सत्कार हाय, हाक मारली की या वर." नमितानं जाकीट हरेशच्या अंगावर चढवलं, कॉलर नीट केली. सुरभी शेजारच्या खुर्चीवर पाय ताणून बसली. घरी अशा सत्कारांचे इतके नारळ जमायचे की सासूबाई वड्या करून थकायच्या. नमिताला मिळणारं खण-नारळ वेगळं. निवेदक प्रत्येक वेळी म्हणायचा की यशस्वी पुरुषाच्या मागे खंबीरपणे उभ्या असलेल्या वहिनी, आणि फोटोवाला म्हणायचा, वहिनी, जरा मागं सरका.

पोरं एकेक करून वर आली. नर्सिंग झालेली, आयटीआय झालेला, एम.एस्सी. झालेली. कुणाच्या आईनं ठेवणीतली साडी नेसली होती, कुणाचा बाप कंपनीची शिफ्ट सोडून युनिफॉर्ममध्येच आला होता आणि मोबाईल उंच धरून पोरीला टिपत होता. त्या बापाच्या चेहऱ्याकडं बघून नमिताला गुणाजी आठवला आणि तिचे डोळे भरून आले. मग हरेश बोलायला उभा राहिला. "मी तुमच्यावानी शिकलेला नाय. कालेजात एक वर्स गेलो, दुसऱ्या वर्साला सीजन आला नि मी मातीत बसलो तो बसलोच. आज माझा गणपती सातासमुद्रापार जातो. इंग्लिश मला येत नाय, पन गणपती कुठं इंग्लिश बोलतो?" हशा. "डिग्री म्हंजे काय? कागद!" मागच्या रांगांनी वाळवीचं आधीच ओळखलं आणि टाळ्या सुरू झाल्या. युनिफॉर्ममधला बापसुद्धा टाळ्या वाजवत होता. बिचारा. पोरीला नुकतीच मिळालेली ट्रॉफी त्याच्याजवळ होती आणि तो ती काखेत धरून टाळ्या वाजवत होता. नमिताला ओरडावंसं वाटलं, अहो, थांबा, वाजवू नका! पण ती काय ओरडणार? तिचे स्वतःचे हात सवयीनं उचलले गेले होते. तिनं ते मांडीवर दाबून धरले. तुला बघून, तुला बघून. आता तिला ते कळत होतं. पोरीनं भाषण कधी मनावर घेतलंच नव्हतं. तिनं पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवणारी शिकलेली बाई बघितली होती.

शेवटी जगनभाऊंनी माईक खाली पाठवला, मुलांनी शेठना प्रश्न विचारावेत म्हणून. नर्सिंगवाली लाजली, आयटीआयवाल्यानं मान हलवली. प्रतिक्षा नावाची एक चुणचुणीत पोरगी उठली, वाणिज्य शाखेत तालुक्यात पहिली आलेली. "सर, परदेशात मूर्ती पाठवायला काय काय करावं लागतं? म्हणजे परवाने वगैरे?" हरेश खुलला. "सगळं करावं लागतं! बघ, मूर्तीला आधी स्पंज, मंग खोका. खोका लाकडाचा. त्या लाकडाला धुरी द्यावी लागते, नायतर माल बंदरात सडतो. त्याला बोलतात ते…" तो थांबला. हात हवेत. आणि मग, घरी अंगणात उभा असावा तसा, सरळ पुढच्या रांगेकडं वळून माईकमधून म्हणाला, "काय गो ते?"

लोक हसले. प्रेमळ हसू होतं ते. काय जोडी आहे, असं. माईक हातोहात नमिताकडे आला. शब्द तिच्या जिभेवर होता. केव्हापासून येऊन बसला होता. त्याच्यामागे निर्यातीचं लेटर ऑफ अंडरटेकिंग होतं, शिपिंग बिल होतं, बंदरावरच्या त्या ऑफिसाच्या पायऱ्या होत्या. बाजूला सुरभीनं दोन्ही कानांतली बोंडकं काढली होती. नमितानं वळून बघितलं नाही, पण पोरगी आपल्याकडे रोखून बघतेय हे तिला गालावर कळत होतं. हरेश वर उभा, भुवया उंचावून, अगदी निर्धास्त. त्याला तिच्याकडून कधी रिकामं उत्तर मिळालंच नव्हतं. त्या निर्धास्तपणाचा तिला संताप आला आणि तिनं माईक तोंडाशी धरला.

"मला नाय माहीत," नमिता म्हणाली.

हरेशच्या भुवया तशाच वर राहिल्या. "अगो, ते शिक्का मारतात बघ," त्यानं हळूच आठवण करून दिली. तिनं मान हलवली. तो घसा खाकरून म्हणाला, "ते हाफिसात बघतात आमच्या." प्रतिक्षा उभीच होती. "हाफिसात कोण बघतं, सर?" तिनं विचारलं. खोडीनं नाही, तिला खरंच ते काम शिकायचं होतं. हरेशनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, नमिताकडे बघितलं, आणि मिटलं. जगनभाऊ लगबगीनं पुढे झाले आणि आता सपत्नीक सत्कार, म्हणाले. नमिता वर गेली. खण-नारळ घेतला. निवेदकानं खंबीरपणे उभ्या म्हटलं, फोटोवाल्यानं मागं सरका म्हटलं. ती सरकली नाही. फोटोत तिचा खांदा हरेशच्या पुढे आला असणार.

लोक हरेशबरोबर सेल्फी काढायला जमले तेव्हा दोघी मायलेकी बाहेर पडून कुंडलिका नदीच्या पुलावर जाऊन उभ्या राहिल्या. खाली पाणी गढूळ आणि भरलेलं. मग सुरभी म्हणाली, "तुला माहीत होतं."

"फ्युमिगेशन," नमिता म्हणाली.

सुरभी खो खो हसली. कितीतरी दिवसांत घरात तिचा असा आवाज निघाला नव्हता. नमितालाही हसू फुटलं, आणि हसता हसता तिला रडू आलं, तिनं पदरानं तोंड पुसलं. "पप्पांचं तोंड बघितलंस?" सुरभी म्हणाली. "मला वाईट वाटलं गं त्यांचं."

"मलाही वाटलं. ते काय वाईट नाहीत." नमितानं नारळ कठड्यावर ठेवला. "तू नाय का म्हणतेस ते मला समजलं आता. पण तू शिकली नाहीस तरी कुणाच्या तरी शेजारी बसशीलच ना? मग तर शब्दही नसतील तुझ्याकडं."

सुरभी पाण्याकडे बघत राहिली. "मी जाईन कॉलेजला," ती म्हणाली. "पण पप्पांसारख्या कुणाला शब्द पुरवायला नाय. तू मला नंतर आठ दिवस बघ गो, असं बोलायचं नाय. कारखान्यासाठीपण नाय."

"नाय बोलणार."

"बघ हां." तिनं मोबाईल काढला, भराभर बोटं चालवली. नमिताच्या पर्समध्ये फोन टुणटुणला. "ओटीपी गेलाय तुझ्या फोनवर. वाच." नमितानं फोन काढला, चष्मा लावला. आकडे समोर होते. पहिला आकडा ओठांवर आलाही होता. तिनं फोन बंद केला आणि पर्समध्ये टाकला.

"त्या फॉर्मवर माझा नंबर आहे. तो काढ. तुझा टाक."

"अगं, वेळ जाईल! बंद होईल ते."

"जाऊ दे वेळ. तुझा टाक."

सुरभी चडफडत, पुटपुटत पुन्हा आत शिरली. कुठं प्रोफाईल, कुठं बदल करा, कुठं काय. मागून हॉलच्या दारात हरेश दिसला, नारळ आणि शाल सांभाळत इकडंतिकडं बघत. गाडीची किल्ली नमिताच्या पर्समध्ये होती हे तिला माहीत होतं. ती हलली नाही. एकदाचा सुरभीच्या हातातला फोन टुणटुणला. नमिता सवयीनं पुढे वाकली, "काय आलाय?"

सुरभीनं स्क्रीन स्वतःकडे वळवली.

"सांगायचा नसतो, आई," ती म्हणाली. "खाली लिहिलेलं असतं."